पट्टा क्रमांक एकोणचाळीस

निळा रबरी पट्टा, घड्याळासारखा, वेळ न दाखवणारा,
मी तिच्या मनगटात चढवला, हिरव्या बांगड्यांच्या मागे.
सात दिवस काढायचा नाही, आंघोळीलासुद्धा.
हवेतलं, हाताला लागलेलं,
सगळं हा आत मुरवून घेतो, कैरीच्या फोडीसारखा.
त्रिशला चौगुले हसली,
"म्हंजे आमच्या आत्तीगतच.
ध्यानात समदं, बोलणं काय न्हाई."

हुपरीतली गल्ली. सातवा महिना.
पाटावर पैंजणाच्या कड्या, टाकणखार, वाटीत तेजाब.
मी प्रश्न वाचत गेले.
पावडर? नेलपॉलिश? डासांची कॉइल?
लोणचं काचेत की प्लॅस्टिकमध्ये?
मिसरी?
ती जरा थांबली. "जेवल्यावर, एकदाच. लिवू नगा."
मी लिहिलं.

झाळकामाला मात्र रकानाच नव्हता.
'इतर'पुढच्या बोटभर जागेत
तिची अकरा वर्षं मावेनात,
मग मी समासात वळले.

आठव्या दिवशी पट्टा गुलाबी कागदात आला,
दुकानात वाळे देतात तसा, घडी घालून.
चकचकीत.
"झाळायला बसताना काढून ठेवत होतो की मी, देवळीत.
तुमची वस्तू, काळी पडंल म्हणून.
काल रिठ्यानं धुतलाय."

मी काहीच बोलले नाही.
देवळीच्या वर, छतापर्यंत, भिंत काळी होती.
तिला क्रमांक नव्हता.

परतीच्या केएमटीत मांडीवर थंड डबा,
आत अठरा बाटल्या, अठरा सकाळची पहिली लघवी.
कंडक्टर म्हणाला, "आइस्क्रीम हाय व्हय?"
मी म्हटलं, हो.
उचगावपर्यंत तो हसत होता, मीही.
मग उसाला फवारणी चाललेली दिसली
आणि मी खिडकी लावून घेतली,
कुणासाठी, ठाऊक नाही.

शेऱ्यात लिहिलं: नमुना बाद. धुतलेला.
प्रयोगशाळेत पाठवला असता तर
त्यानं शपथेवर सांगितलं असतं,
या बाईच्या घरात फक्त रिठे आहेत.

सोमवारी नवा पट्टा घेऊन जायचंय.
सांगायचंय, काळा पडू दे गं,
त्यासाठीच आहे तो.
आणि तिनं उंबऱ्यात विचारलेलं,
"मग आमास्नी कळंल न्हवं, काय निघालं ते?"
यावर मी घाईत मान हलवली होती.
ती कशी हलवली होती, उभी की आडवी,
बसमध्ये बसल्यापासून आठवतेय.