सभासद क्रमांक एकशे सतरा

पेनड्राइव्ह दुधाच्या टेम्पोतून आला,
साखरेच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर.
ड्रायव्हर म्हणाला, सेक्रेटरींनी सांगितलंय,
ह्यात मशीन मेल्यालं हाय, जपून द्या.

आत एकच फाइल. कोअर. साडेतीन एमबी.
राधानगरीच्या वर, धरणाच्या मागं कुठंतरी
दूध संस्थेच्या खोलीत फॅट मोजणारा आमचा डबा
रोज पहाटे पाच बावन्नला बसायचा
आणि चाळीस सेकंदांनी आपला आपण उठायचा,
काही झालंच नाही अशा तोंडानं.
तेवढ्यात चौदा किटल्या ताटकळायच्या
आणि बाळकू चौगल्यांच्या आठ शिव्या व्हायच्या,
त्यातल्या सहा मला.

डब्यात जागा कमी.
फंक्शनची नावं, ओळींचे नंबर
सगळं तासून काढूनच पाठवतो आम्ही.
उद्यमनगरात आबा असंच करायचे :
कास्टिंग गिऱ्हाइकाकडं, लाकडी पॅटर्न माळ्यावर,
खडूनं नंबर टाकून.
पोकळी निघून माल परत आला
की हॅक्सॉनं कापायचे,
पॅटर्नशेजारी ठेवून नुसते बघत बसायचे.
फुटल्याबिगर आतलं दिसत न्हाई, म्हणायचे.
चहावर साय धरायची.

मी शिरोलीत, एसीत, तेच करते.
पहिल्या रात्री स्क्रीनभर प्रश्नचिन्हं.
मधे एक नाव उमटलं, तेही खोटं :
घड्याळ लावणारं फंक्शन म्हणे
दुधाचा दर काढणाऱ्याला हाक मारतंय.
पॅटर्नच चुकीचा होता. मार्चचा.
डब्यातला फेब्रुवारीचा निघाला,
इरफान मुल्लाणी पुण्याला गेला
त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं बांधलेला.
त्याच्या ड्रॉवरमध्ये जुनी हार्डडिस्क सापडली.
वर चिकटपट्टी : टाकू नये.
इरफान, तुझं भलं होवो.

ओळख जुळली, वीसच्या वीस बाइट.
मग हाकेवर हाक उलगडत गेली :
लांबी मोजणाऱ्याला नाव छापणाऱ्यानं बोलावलं होतं,
त्याला पावतीनं, पावतीला वजनकाट्यानं.
पाच बावन्न तिथं जशीच्या तशी गोठलेली.
म्हैस. अडीच लिटर. फॅट सहा पूर्णांक चार.
दरसुद्धा भरलेला.
सभासद एकशे सतरा.
नावाचा पत्ता : शून्य.

नाव कोरं असतं तर चाललं असतं,
कोरी जागा सोडून पावती निघाली असती.
इथं नाव कुठं ठेवलंय
तेच कुणी सांगितलेलं नव्हतं,
आणि मशीन बिचारं शून्यावर जाऊन
अक्षरं मोजायला बसलं.

फोन लावला.
एकशे सतरा? थांबा, वही बघतो, म्हणाले,
पण पान उलटल्याचा आवाज आला नाही.
धोंडी परीट. संक्रांतीनंतर वारला.
नाव कमी केलं, वारसनोंद राहिलीया.
बायको घालती की दूध. म्हशीला काय कळतंय?
पावती?
पावती कुठली, मशीनच बसतंय न्हवं.
ती थांबत न्हाई. किटली उपडी करती आन जाती.
मी लिवतो वहीत, मागनं.
ह्या वेळी एकही शिवी नव्हती.

नाव काय तिचं?
जरा गप्प. मग लांबून, रांगेतल्या कुणालातरी :
अरं, धोंडीच्या बायकोचं नाव काय रं?
हौसा, म्हणत्यात. हौसाबाई.

दुरुस्ती दोन ओळींची.
तिचं नाव मला घालता येत नाही,
ते संस्थेच्या मीटिंगचं काम.
नाव नसलं तरी थांबू नकोस,
नंबर छाप आणि पुढं चल,
एवढंच मी त्याला सांगू शकले.
साडेतीन एमबी पुसायला हात होईना.
फाइलला नाव दिलं हौसाबाई,
ठेवली जपून.

दुसऱ्या दिवशी सहाला फोन वाजला.
चाललं बगा मॅडम, पावती निघाली.
पण आज थांबली की ती,
आन म्हणती,
फॅट कमी दाखवतंय तुमचं मशीन.