रकाना चौथा

सहा जिप्स्या, छत्तीस पोट्टे,
थंडीनं कान लाल झालेले.
मॅडमनं वाटलेला तक्ता मांडीवर:
प्राणी, ठसा, विष्ठा, अधिवास.

ऐनाच्या खोडावर अस्वलाची नखं दाखवली,
धुळीत पाऊल. चार बोटं, नख नाही,
म्हणजे मांजरकुळातलं.
"पण वाघ कुठाय?"
वाघ काय आपल्या हजेरीपटावर हाय, बाबू?

मग चितळांच्या कुरणाशी गाडी थांबवली.
गवतात एक बोरिंग उभी,
दांडा नाही, तोंडात मधमाश्या.
कोपऱ्यातल्या पोरीनं विचारलं,
जंगलात बोरिंग कशाला?

मी म्हणाले, शाळा होती.
तो शिंगवाला चरतो ना, तिथं परिपाठ.
चिंचेखाली दुसरीचा वर्ग.
तिसरी मी नव्या गावात शिकले, टिनाच्या खोलीत.

कोणी काही बोललं नाही.
वानर खोकलं,
सगळ्या माना तिकडं.

गेटवर तक्ते गोळा केले.
रिद्धी ढोबळेच्या कागदावर
चितळापुढं, चौथ्या रकान्यात:
गवत, जवळ पाणी, शाळेचं मैदान.
शेवटचं खोडायला मॅडमनं पेन काढला
अन् माझ्याकडं पाहिलं.

मी टोपी सारखी केली.
दुपारच्या फेरीला
दुसरी शाळा होती.