टाकीवरची राखण

त्या उन्हाळ्यात पाणी सहाव्या दिवशी यायचं,
कधी रात्री दोनला, कधी यायचंच नाही.
टॉवेलचा कारखाना बंद पडून दीड वर्ष झालं होतं.
बायको विड्या वळायची, हजारावर मजुरी,
आणि नावानं हाक मारणारं
घराबाहेर मला कुणी उरलं नव्हतं.

म्हेत्रे सरांनी मारली.
अशोक चौकाजवळ, झेरॉक्सच्या दुकानामागची खोली;
स्टुलावरची पिशवी उचलून म्हणाले,
"या नरसय्या, तुमचीच वाट बघत होतो."

एवढंच.
बाकीचं मी नंतर ऐकलं, चहाबरोबर,
की त्यांच्या मोहल्ल्याला रोज पाणी येतं,
जमिनीखालून वेगळी लाइन आहे,
की टाकीत ते काहीतरी मिसळणार आहेत
आणि तारीख ठरलेली आहे.
घरात आम्ही तेलुगू बोलतो.
भ्यायला मी तिथं शिकलो, मराठीतून.

खरं सांगतो, पटलं नव्हतं.
वीस वर्षं मागावर काढलीत.
धागा तुटला की मागाचा आवाज बदलतो,
तसा सरांचा आवाज तारखेपाशी बदलायचा.
मी तो ऐकला,
गाठ मारली,
माग पुढं चालू ठेवला.

आम्ही अकराजण.
पॉलिटेक्निक सोडलेला एक पोरगा,
बायको निघून गेलेला मेडिकलवाला,
येमूल म्हातारा, ज्याचा मुलगा पुण्याहून
फक्त दिवाळीला फोन करतो.
कुणाला काय कमी आहे ते कुणी विचारत नव्हतं.
त्यांचं नाव काढलं की सगळ्यांचं भागायचं.
येमूल कडक भाकरी आणायचा, शेंगाचटणी, वर तेलाची धार.
टाकीखाली फरशीवर बसून, बॅटऱ्या मांडीवर,
तसं जेवण मी लग्नातसुद्धा जेवलो नाही.

माझं अक्षर चांगलं, म्हणून रजिस्टर माझ्याकडे.
टेम्पोचे नंबर, कोण आलं, किती वाजता.
एका रात्री दस्तगीर आला.
दस्तगीर फिटर. माझ्याच कारखान्यातला.
माझ्या पोरीच्या बारशाला
पाळण्याचा हूक त्यानंच ठोकला होता.
गळक्या व्हॉल्व्हखाली त्यानं घागर लावली
आणि थेंब थेंब बघत उकिडवा बसला.
त्याच्या गल्लीलाही पाणी नव्हतं.
हे मला कळलं. मला तेव्हाच कळलं.
मी लिहिलं:
११.४०. एक इसम. हातात डबा, झाकण बंद.

सकाळी पोरांनी पान वाचलं.
त्याच्या दुकानाचं शटर त्यानंतर
अर्ध्यावरच अडकायचं. वाकलेलं.
पुढं तो भिवंडीला गेला म्हणतात.

तारखेच्या रात्री आम्ही सगळे जागलो.
एक कुत्रं आलं. दोन दूधवाले.
उजाडलं, टाकीवर कावळे बसले,
आणि अकरा जणांत
हायसं एकालाही वाटलं नाही.
पॉलिटेक्निकवाला खाली बघून बुटाची नाडी सोडत होता, बांधत होता.
मग म्हेत्रे सर उठले. म्हणाले,
"आपण जागे होतो, म्हणून टळलं."
येमूलनं मला मिठी मारली.
मी रडलो, खोटं कशाला बोलू,
बाप गेला तेव्हा इतका रडलो नव्हतो.
नवी तारीख पंचमीनंतरची निघाली.

मी का सोडलं, ते धड सांगता येत नाही.
शहाणपण आलं असं काही नाही.
एका यंत्रमागावर रात्रपाळी मिळाली, एवढंच.
रजिस्टर अजून माळ्यावर आहे, चादरींच्या गठ्ठ्याखाली.
जाळायला काढतो. इसम या शब्दापाशी थांबतो,
आत ठेवतो.

परवा येमूल भेटला सात रस्त्यावर.
पिशवी हातात, डोळे तारवटलेले, चेहरा मात्र भरलेला.
"येतोस का? बसलोत आज सगळे. भाकरी आणलीय."
मी नाही म्हणालो. पाळी आहे म्हणालो.
पिशवीतून लसणाचा वास येत होता.
घरी नळ कोरडा होता, पाचवाच दिवस,
आणि इथं भर रस्त्यात, उभ्या उभ्या,
माझ्या तोंडाला पाणी सुटलं.