घरातला ड्रायव्हर

दिग्रसच्या तौसिफनं दोन कार्डं काउंटरवर ठेवली,
एक हिरव्या कंपनीचं, एक लाल.
"हिरवं पळते जोरात," तो म्हणाला,
"पन तुह्या त्या लिनक्सवर त्याचे नखरे लय.
लाल जुनं हाय. तीन वर्षं कोनाची तरी नाणी खोदत होतं."

लाल उलटं करून पाहिलं.
पंख्याच्या पात्यांत धूळ नव्हती, कापूस होता.
जिनिंगजवळच्या कुठल्या खोलीत राबलं असणार.
आठ जीबी. सहा पिनांची एकच जोडणी.
माझा पॉवर सप्लाय साडेचारशे वॅटचा
आणि आमच्या गावची वीज
पत्रावळीवरच्या वरणासारखी,
कोणत्या बाजूनं वाहील सांगता येत नाही.

"उद्या सांगते," म्हणून आले.
रात्री गच्चीवर, टाकीच्या कडेला मोबाइल टेकवून
(तिथंच काय ती दोन कांड्या रेंज)
याद्या वाचत बसले होते.
"काय अडलं वं?" खाटेवरून बाबा.
"ड्रायव्हर," मी म्हणाले.
एकतीस वर्षं गाठींचे ट्रक चालवलेला माणूस
उठूनच बसला.

मग सांगत गेले:
हिरव्याचा ड्रायव्हर कंपनी पाठवते, पेटीबंद,
आत काय आहे ते पूर्ण कधी दाखवत नाही.
कर्नल बदललं की कधी कधी तो दारातच अडतो,
पडद्यावर काळोख, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ.
लालचा कर्नलच्या आतच राहतो.
त्याची वही उघडी. कुणीही वाचावी, चूक खोडावी.

"कर्नल म्हंजे फौजेतला?"
"नाही हो."
बराच वेळ बडीशेप चावली त्यांनी.
"बाहेरचा वाईट नसते वं.
मालकानं एक आनलता रायपूरचा,
हात असा का खड्ड्यात चहा सांडत नव्हता.
पन गाडीचं काम काढलं का त्याले आधी सांगाच लागे.
नाई सांगतलं, तं दुसऱ्या दिवशी चाबी घेऊन घरी.
आन हा घरातला?"
"थोडा मंद आहे. प्रकाशाची किरणं मोजायला लावली
की धापा टाकतो."
"टाकू दे. किरनं मोजून कोनाचं पोट भरलं?"

लाल घेतलं.
चिमट्यानं कापूस काढला, दोन संध्याकाळी गेल्या.
वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली,
मेहंदीच्या कोनातून पडावा तेवढा थेंब.
मेसा तेवढं नवं उतरवलं, वहिनीच्या हॉटस्पॉटवर,
तिच्या मालिकेचे दोन भाग बुडाले,
ते ती अजून काढते.

मे महिना, सेहेचाळीस अंश.
कूलरची हवा आधी यंत्राला, उरलेली आम्हाला.
खेळ उघडला: बर्फातला ट्रक.
प्रत्येक वळणाला हिसका, रस्ता तुटत, जुळत.
शेडर पहिल्यांदा रचले जातायत,
मी सांगणारच होते,
बाबांनी हात वर केला.
"नवी लाइन हाय. पयल्या खेपेले असंच होते."

दुसऱ्या खेपेला रस्ता सलग वाहिला.
मी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला.
बर्फ त्यांनी पाहिला तो रसवंतीच्या खोक्यात,
भुशाखाली.
तरी वीस किलोमीटर गेले,
पुढं कोणी नाही, मागं कोणी नाही,
सगळं पांढरं.
फाट्यावर थांबले. मान वळवली.
"इंडिकेटर कोनत्या बटनावर हाय?"