गेन

नाना पेठेत, क्वार्टर गेटच्या अलीकडे,
आमच्या दुकानासमोर एकच गाडी मावते.
आज तिथे प्रणित भाडळेची स्विफ्ट, वाघोलीहून,
तिसऱ्यांदा.
डिकी उघडली तसा ओळखीचा वास आला,
जळालेल्या व्हॉइस कॉइलचा.

"तुम्ही गेन कमी ठेवलावता, मी वाढवला फक्त."
फक्त.
ताहेरभाई असते तर स्क्रूड्रायव्हर पाठीमागे धरून
आधी दोन कटिंग सांगितले असते.
मी नुसता म्हणालो, ते आवाजाचं बटण नाही रे.
डेककडून जे येतं
त्याला ॲम्पने किती हात द्यायचा, तेवढंच ते ठरवतं.

बेस शून्यावर. ट्रेबल शून्यावर. लाउडनेस बंद.
डेक चाळीसपैकी तीसवर.
मग नव्या वूफरच्या वायरी काढून ठेवल्या
आणि पन्नास हर्ट्झचा सूर लावला.
पंधरा वर्षं झाली, ही गंमत जुनी होत नाही:
गाडीभर सूर चालू असतो
आणि कुणालाच ऐकू येत नाही.
फक्त मीटरवर आकडे चढतात.
वीस. अठ्ठावीस. बत्तीस.
तीनशे वॅट, चार ओहम,
म्हणजे चौतीस पूर्णांक सहाला थांबायचं.
शेवटी शेवटी स्क्रू केसाएवढाच फिरवायचा.
मागे टेम्पोवाला हॉर्न देतोय, देऊ दे.

स्कोपवर त्याला लाट दाखवली, गोल माथ्याची.
मुद्दाम थोडा गेन वाढवला:
माथा सपाट,
टेकडी कापून प्लॉट पाडावेत तसा.
वाघोलीच्या पोराला हे लगेच कळलं.

डॅशबोर्डवर त्याचा फोन थरथरत होता. "आई."
तीनदा जाऊ दिला, चौथ्यांदा उचलला.
"सांगितलं ना एकदा!"
समोरच्या टायरवाल्यानंही मान वर केली.
मी डेक अडतीसवर नेला.
हे बघ, इथे डेक स्वतःच फाटतो.
वरूनच फाटून आलं
की खाली गेन कितीही उतरव,
फाटलेलंच बारीक होऊन ऐकू येतं.
मी स्विफ्टबद्दलच बोलत होतो.

वायरी जोडल्या. स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका दिला,
मुलीच्या वाळत आलेल्या बाटलीतला.
"एवढाच आवाज?"
दारं लावून ऐक.

तो आत बसला. काचा वर.
त्याचे ओठ हलत होते,
गाण्याबरोबर की फोनवर,
बाहेरून कळेना. डॅम्पिंग चांगलं झालं होतं.
नंतर त्याने काच चार बोटं खाली घेतली
आणि पैसे स्कॅन करून दिले,
दोनशे कमी.