तेलाचा षटकोन

मी राहतो ते सगळं शहर
नकाशावर एका षटकोनात मावतं.
प्लोयेश्त. तेल : चाळीस. कारखाने : बारा.
माणसांसाठी रकानाच नाही.

रात्रपाळीवरून आलो की बूट न काढता
मी आधी इंधनाचा तक्ता उघडतो.
इलिंका म्हणते, आठ तास तेच करून आलास ना?
खरं आहे.
पण तिथे मी दोन झडपांचा धनी,
इथे काळ्या समुद्रापर्यंतच्या आघाडीचा.
(दारातल्या डाचियाचा काटा मात्र
सोमवारपासून लालवर आहे.)

समोर एस्किल. ट्रॉम्सोत दातांचा डॉक्टर.
दिवसाला एकच चाल पाठवतो,
सकाळचा पहिला पेशंट खुर्चीत बसायच्या आत.
त्याच्याकडे तेल उदंड, म्हणून तो शूर आहे.
माझ्याकडे हिशेब आहे.

रणगाड्यांची तुकडी एक घर सरकली की सात पिंपं,
चिखल असला की अकरा.
पिंपं न्यायला रेल्वेचे डबे हवेत,
डब्यांना पोलाद, पोलादाला कोळसा,
कोळसा खाणीच्या तोंडाशी पडून आहे
कारण डबे नाहीत.
हे चक्र फिरायचं तर वंगण लागतं
आणि वंगण, अर्थातच,
आमच्याच गावात बनतं.

मी विमानं जमिनीवर ठेवली.
एका सेनापतीचं मनोधैर्य घसरलं, लाल बाण दिसला.
घसरू दे.
ट्रकचा कारखाना बंद केला.
जे ट्रक आहेत त्यांनाच पाजायला काही नाही,
नव्यांना जन्माला घालून काय करू?
पंधरा चाली असाच ओढत आलो,
महिनाअखेरीला घर ओढतात तसा.

मग बुधवारी एस्किलची बॉम्बफेकी विमानं आली.
मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो;
तेवढंच काय ते तेल वाचलं.
पडद्यावर दोन ओळी उमटल्या :
प्लोयेश्त, नुकसान बासष्ट टक्के.
दुरुस्ती, दिवसाला एक टक्का.

एक टक्का.
मला हसू आलं, आणि मग ते कुठे ठेवावं कळेना.

मागच्या मार्चात आमच्या तीन नंबरच्या स्तंभाचा
एक सांधा गळायला लागला. बावीस बोल्ट, गंजलेले.
लाउरेंत्यू फिटर जाळीवर पालथा पडून
एकेका बोल्टला वेगळी शिवी देत होता,
काहींना आईवरून, काहींना मंत्र्यांवरून.
एकोणिसाव्याला त्याच्या शिव्या संपल्या.
उरलेले तीन त्याने नुसते, न बोलता,
दात खाऊन सोडवले.
खाली मी पाना आणि कंदील धरून उभा.
वरून थेंब पडत होते, माझ्या कॉलरमध्ये,
कोमट.
तो वास अजून त्या शर्टाला आहे.

ते एक टक्कासुद्धा नव्हतं.

आमच्या परसात एक विटांची भिंत आहे,
हातभर जाड, गोल, कशालाच न टेकणारी.
आजोबांच्या वेळच्या युद्धात
टाकीला बॉम्बचे तुकडे लागू नयेत म्हणून बांधलेली.
टाकी केव्हाच गेली.
इलिंका त्या भिंतीवर घेवडा चढवते.
शेंगा चांगल्या येतात. विटा ऊन धरून ठेवतात म्हणे.

एस्किलने लिहिलं : वाईट वाटतं, पण हे युद्ध आहे.
दोन महिने तू हलू शकणार नाहीस.
हार मानतोस का?

रणगाडे जिथे होते तिथेच, स्तेपमध्ये,
मी इंजिनं बंद करायला लावली.
डबे सगळे मागे वळवले, कोळशाकडे.
आणि उत्तर टंकलं :
थांबतो. लाउरेंत्यूला वेळ लागतो.

कोण लाउरेंत्यू, त्याने विचारलं.
तुझ्या कुठल्या तुकडीत आहे? यादीत दिसत नाही.

मी बूट काढले.
चाल संपवायचं बटण दाबलं.

एकसष्ट.