बेट

नऊ बाय अकरा.
टेपचं एक टोक रेवणसिद्धच्या हातात,
दुसरं माझ्या अंगठ्याखाली.
जुळे सोलापूरच्या या घरात एकोणीस वर्षं काढल्यावर
आज कळलं, मी रोज किती फुटांत फिरते.

डिझायनर पोरगा पुण्यात शिकून आलेला.
त्यानं लॅपटॉपवर मधली भिंत पुसली,
परातीच्या काठाचं पीठ पुसावं तशी, एका बोटानं,
आणि मधोमध एक सुटा ओटा ठेवला.
"याला आयलंड म्हणतात, काकू. बेट.
पाहुणे भोवती उभे राहतील, गप्पा मारतील."
मामा खुर्चीतून म्हणाले,
"बेट व्हायला चहूकडून पाणी लागतंय, बाळ.
आमच्यात ते पाचव्या दिवशी येतंय."

मग पिंपांचं निघालं.
तीन निळी पिंपं, दोन घागरी, बादल्या वेगळ्याच.
चित्रात त्या कुठंच नव्हत्या.
चित्रात एक फुलदाणी होती
आणि कापून ठेवलेलं लिंबू.

युनूस मिस्त्रींनी खिशातून खडू काढला.
"कागदावर सगळ्यांचं घर मोठंच असतं, ताई.
चालून बघा."
फरशीवर ओटा उमटला, सिंक, फ्रीज,
आणि आम्ही सगळे त्या रेघांमधून
शहाण्यासारखे वळसे घालत चालू लागलो.
फ्रीजचं नसलेलं दार उघडलं
तर ते रेवणसिद्धच्या पोटाला लागलं.
शांभवी बेटावर वही घेऊन बसली, म्हणाली, इथं लाईट पाहिजे.
मामांनी उखळाची जागा मागितली.
शेंगाची चटणी मिक्सरला लावली की तिचं तेल रुसतं
असं त्यांचं म्हणणं,
आणि मिलमधून सुटल्यापासून चटणी तेच कुटतात.
मी भाकरीसाठी जमीन मागितली, तीन फूट.
उभ्यानं थापलेली भाकरी कडेला जाड राहते.
पोरगा हे सगळं मोबाईलमध्ये लिहून घेत होता,
डोक्यावर पंखा, तरी कपाळावर घाम.

भिंत पाडा, हे मीच म्हणाले होते.
गड्ड्याच्या दिवसांत इंडीहून नणंदा येतात, अक्कलकोटहून चुलतसासरे,
सोळा-सतरा माणसं, दोन पंगती,
आणि मी तव्यापाशी, भिंतीच्या अलीकडं.
हसणं यायचं. विनोद यायचा नाही.
यायचा तर कुणी ताक मागायला आलं की, अर्धा,
शेवट विसरलेला.
एकदा तर तिकडं एवढे हसले
की मीही हसले, कशाला ते माहीत नसताना,
एकटीच, हातात उलथनं.

पण मिस्त्रींनी भिंतीवर हात ठेवून विचारलं, "इथपासून?"
आणि मला तो फोन आठवला.
याच भिंतीला पाठ लावून घेतलेला.
आई गेली, भाऊ म्हणाला.
पलीकडं तेरा माणसं जेवत होती.
शेवटच्या माणसाच्या ताटात भात पडेपर्यंत
कुणाला कळलं नाही.
सगळे नंतर म्हणाले, केवढं धीराचं माणूस.
धीर कुणाचा होता, माझा की विटांचा,
मला अजून सांगता येत नाही.

"पाडा," म्हटलं. "फक्त हा कोपरा ठेवा.
दीड फूट. वरपर्यंत."
"इथं काय येणार, काकू?" पोरानं विचारलं.
"केरसुणी," मी म्हणाले.
मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं नाही.
खडूनं तिथं एक फुली मारली,
दोनदा गिरवली.

रात्री अडीचला पाणी आलं.
झोपेत पाइप पिंपातून निसटला,
आणि उठून बघतो तर
ओटा गेला, सिंक गेलं, शांभवीचा लाईट गेला,
फरशीभर घोटाघोटा पाणी.
बादल्या, फडकी, जुने टॉवेल घेऊन आम्ही तिघं वाकलेलो,
आणि मामा लुंगी गुडघ्यावर धरून दारात उभे.
"आत्ता झालं बघ बेट," म्हणाले.
हा विनोद मला अख्खा मिळाला.
हसता हसता मी फडकं पिळत राहिले.

रविवारी मिस्त्री परत येणार आहेत.
खडू आणून ठेवायला हवा.